मिठाची चिमूट आणि पेशीचं दार

आजच्या बोलण्याची सुरुवात आमच्या मुलुंडच्या वस्तीतल्या एका बैठकीपासून करतो. पावसाळ्याचे दिवस होते, घरोघरी पोरांना जुलाब लागले होते. बचत गटाचा हिशेब उरकल्यावर आम्ही बायांना म्हटलं, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी तुम्ही घरी करता तसंच आत्ता करून दाखवा. चौघी पुढे आल्या आणि चौघींनी चार तऱ्हेचं पाणी केलं. एकीने तीन चमचे मीठ घातलं, तेही शीग लावून. दुसरीने सरबतासारखी गोड साखर ओतली. तिसरीने दवाखान्यातून मिळालेली पुडी आणली होती. तिने त्यातली अर्धी एका पेल्यात टाकली आणि उरलेली ‘उद्याला होईल’ म्हणून दुमडून ठेवली. चौथीने काहीच केलं नाही. ती म्हणाली, ‘आमच्या सासूबाई सांगायच्या, जुलाब होताना पाणी द्यायचं नाही, दिलं की अजून होतात.’

चौघींच्या मनात माया होती, त्यात शंकाच नाही. पण चारही रीतींनी पोराला धोका होता. का, ते नीट समजून घ्यायचं तर मीठ, पाणी आणि आपल्या शरीरातल्या पेशी यांचं नातं बघावं लागतं. हे नातं माणसाला एका दिवसात कळलेलं नाही. त्यामागे पावणेतीनशे वर्षांची हकिकत आहे, आणि तिच्यातली निम्मी हकिकत आपल्या देशातली आणि शेजारच्या बांगलादेशातली आहे.

आधी मिठाचं बोलू. आम्ही उपनगरातल्या बाया मिठाच्या शेजारीच राहतो. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गपासून घाटकोपरपर्यंत खाडीच्या कडेला मिठागरं होती, काही अजून आहेत. उधाणाच्या भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं आणि शेवटी तळाशी बसलेलं मीठ ओढून ढीग लावायचे. पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं. आगरी समाजाचं नावच या आगरावरून आलं असं सांगतात. याच मिठासाठी 1930 साली विलेपार्ल्यात सत्याग्रहाची छावणी पडली होती, जमनालाल बजाज तिचे पुढारी होते. गरिबाच्या भाकरीवर कर बसवल्यासारखाच मिठावर कर होता. मीठ ही काही जिभेची चैन नाही, शरीर त्यावाचून चालत नाही. ते का, हे पुढे येईलच.

अंधेरीच्या पश्चिमेला वेसावे कोळीवाडा आहे. तिथल्या कोळणी मासा चिरून त्यात मीठ भरतात. थोड्या वेळाने बघावं तर माशाला पाणी सुटलेलं असतं. तुमच्या घरातही हेच घडतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तळाशी पाणी जमतं. काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं तर जेवायला बसेपर्यंत ती पाणचट होते. याच्या उलट सुकलेली मनुका साध्या पाण्यात टाका, सकाळी ती टच्च फुगलेली दिसते. मीठ बाहेर असलं की पाणी बाहेर येतं, आतला रस दाट असला की पाणी आत जातं. हा नियम आपल्या आज्या-पणज्या हाताने वापरत होत्या. त्याचं कारण मात्र कुणाला माहीत नव्हतं.

1748 साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या एका पाद्र्याने एक प्रयोग केला. भांड्यात दारूचा अर्क भरला, तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची कातडी घट्ट बांधली आणि ते भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी कातडी फुग्यासारखी वर आली, टाचणी लावताच पाण्याची चिळकांडी उडाली. बाहेरचं पाणी कातडीतून आत गेलं होतं, पण आतला अर्क तितका बाहेर आला नव्हता. म्हणजे पडदा असा असतो की जो एकाला वाट देतो आणि दुसऱ्याला अडवतो. पाणी अशा पडद्यातून पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. मुलीला विचारा, ती सांगेल.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि प्रत्येक पेशीला असाच एक पडदा आहे. पुस्तकातलं त्याचं नाव प्रद्रव्यपटल. आपण पेशीचं आवरण म्हणू. हे आवरण कशाचं असतं? 1925 साली हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी वेगळी काढून पाण्यावर पसरून मोजली. ती पेशींच्या अंगाच्या दुप्पट जागा व्यापत होती. त्यावरून ओळखलं की आवरण चरबीच्या दोन थरांचं आहे. आमटीवरच्या तेलाच्या तवंगातून मीठ काही आरपार जात नाही, तसंच या चरबीतून मीठ आणि साखर आपोआप जात नाहीत. म्हणून आवरणात जागोजाग प्रथिनांची दारं असतात. कुठलं दार मिठाचं, कुठलं साखरेचं. पाण्याची खास दारंही असतात. ती पीटर एग्री या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1992 च्या सुमारास दाखवून दिली आणि 2003 साली त्यांना नोबेल मिळालं.

दारांशिवाय पेशीला पंपही आहेत. विहिरीवर मोटर लावून पाणी उपसतो तसं पेशी आत शिरलेलं मीठ, म्हणजे त्यातलं सोडियम, रात्रंदिवस बाहेर उपसत असते. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 साली शोधला. पंप बंद पडला तर आत मीठ साचेल, मिठामागे पाणी येईल आणि पेशी फुगेल. आपण झोपलो तरी हे काम थांबत नाही, आणि त्याला ताकद लागते. आपण खाल्लेल्या भाकरीचा एक वाटा या उपशावर जातो.

पेशीच्या भोवतीचं पाणी किती खारट आहे यावर पेशीचं बरंवाईट ठरतं. दवाखान्यात सलाईन लावतात त्यात एका लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. ते रक्ताच्या जोडीचं, म्हणून पेशी त्यात जशीच्या तशी राहते. तांबडी पेशी नुसत्या पाण्यात टाकली तर पाणी आत घुसून ती फुटते. समुद्राच्या पाण्यात टाकली तर मिठाच्या कैरीसारखी आकसते, कारण समुद्रात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणूनच भर समुद्रात तहानेने माणूस मरतो पण ते पाणी त्याला चालत नाही. आमच्या खाडीतली तिवरं आणि कांदळ मात्र त्याच खाऱ्या चिखलात हिरवीगार उभी असतात. कांदळ मुळाशीच बहुतेक मीठ अडवतं. तिवर थोडं आत घेतं आणि पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हात तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. झाडाला ही सोय आहे, आपल्या पोरांना नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पटकी, म्हणजे कॉलरा. 1817 साली बंगालमध्ये तिची मोठी साथ उठली आणि पुढच्याच वर्षी ती मुंबईला पोचली. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ ती पुन्हा पुन्हा येत राहिली. आपल्या गावांत वेशीवर मरीआईचं देऊळ असतं. साथ आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडायचे. बायका ओटी भरायच्या, नवस बोलायच्या. त्यांना हसू नये. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा, आणि हातात दुसरं काहीच नव्हतं. मुंबई शहरात लोक विहिरी आणि तळ्यांचं पाणी प्यायचे. शहराला स्वच्छ पाणी हवं म्हणून आमच्याच उपनगराच्या डोंगरात विहार तलाव बांधला आणि 1860 साली त्याचं पाणी नळाने शहराला मिळायला लागलं. स्वच्छ पाणी हा रोगावरचा पहिला उपाय. पण ज्याला रोग झालाच त्याचं काय?

पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 साली सिद्ध करून दाखवलं. हे विष आतड्याच्या पेशींचं मिठाचं दार उघडं ठेवतं. मीठ आतड्यात वाहू लागतं आणि मिठामागे पाणी येतं, अगदी कैरीच्या फोडीसारखं. शरीर आतून आटत जातं. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, लघवी बंद होते. माणूस दगावतो तो पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे.

मग पाणी आणि मीठ परत भरावं, हे 1832 सालीच स्कॉटलंडच्या थॉमस लाटा या डॉक्टरांना सुचलं होतं. त्यांनी मिठाचं पाणी शिरेतून दिलं आणि मरायला टेकलेले काही रोगी उठून बसले. पुढे कोलकात्याला लिओनार्ड रॉजर्स यांनी हाच उपचार सुधारून वापरला. पण शिरेतून द्यायचं तर सुई हवी, बाटली हवी, निर्जंतुक पाणी हवं, डॉक्टर हवा. साथ येते ती खेड्यात आणि झोपडपट्टीत, आणि यातलं काहीच तिथे वेळेवर नसतं.

तोंडाने का देत नव्हते? देऊन बघितलं होतं. नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर ते आतड्यातून अंगात शिरत नव्हतं, तसंच खाली निघून जायचं. इथेच पेशीच्या दाराचा उलगडा कामी आला. 1960 साली प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी सांगितलं की आतड्याच्या पेशीला एक असं दार आहे ज्यातून साखर आणि मीठ जोडीनेच आत जातात. एकट्यासाठी ते उघडत नाही, दोघं मिळून आले की उघडतं. आणि मीठ-साखर आत गेली की पाणी मागोमाग जातं. मुख्य म्हणजे पटकीचं विष या दाराला हात लावत नाही. जुलाब चालू असतानाही हे दार काम करत असतं. म्हणून ‘पाणी दिलं की अजून जुलाब होतात’ हे खरं नाही. जुलाब दिसत राहिले तरी योग्य पाणी अंगात भरत राहतं.

कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी 1953 सालीच मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन रोगी बरे केले होते, पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1968 साली ढाक्याला डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजून-मापून दाखवलं की असं पाणी दिलं तर सलाईनची गरज पुष्कळ कमी होते. आणि मग 1971 साल उजाडलं. बांगलादेशच्या युद्धात लाखो माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आली. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे कामाला होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, जमिनीवर रोगी पडले होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांची मिश्रणं तयार करून घेतली, ती पिंपांत कालवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितलं, तोटी उघडा, पेला भरा आणि पाजत राहा. आयांनी पाजलं, बहिणींनी पाजलं. जिथे शंभरातले तीसएक रोगी दगावत होते, तिथे त्यांच्या उपचाराखाली चारापेक्षाही कमी दगावले. हे महालनबीस 2022 साली वारले. पुढच्या वर्षी देशाने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

एवढं सिद्ध झालं तरी ते घरोघरी कोण नेणार? हे काम बांगलादेशातल्या बायांनी केलं. 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या बाया खेड्याखेड्यांत, दारोदार गेल्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे त्या आयांना समोर बसवून शिकवायच्या. नुसतं सांगून उठायच्या नाहीत, आईच्या हातून करून घ्यायच्या. आणि त्यांच्या मजुरीची रीत ऐका: किती घरं केली यावर पैसे नव्हते. नंतर दुसरं माणूस जाऊन तपासायचं, आईला किती लक्षात राहिलंय, आणि त्यावर मजुरी ठरायची. आयांनी केलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासायलाही नेत. अशा रीतीने 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरं झाली. आपण गटातल्या बाया आहोत, म्हणून ही गोष्ट आपल्याला जास्त कळते. शिकवलं किती यापेक्षा समोरचीला आलं किती, हे मोजायला हवं.

आता आमच्या चौघींकडे परत येऊ. पहिलीने शीग लावून तीन चमचे मीठ घातलं होतं. तेवढं खारट पाणी पोटात गेलं तर ते पेशींतलंच पाणी बाहेर ओढतं, रक्तात मीठ वाढतं आणि लहान पोराला झटके येऊ शकतात. दुसरीने साखर फार घातली होती. दारात मावेना इतकी साखर आतड्यात पडून राहते आणि तीही पाणी ओढते, म्हणजे जुलाब वाढतात. बाटलीतली थंड पेयं आणि डब्यातले गोड रस जुलाबात देऊ नयेत ते याचसाठी. तिसरीने अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकली. पुडी बरोबर होती, पाणी कमी पडलं, म्हणून तीही दाट झाली. चौथीने पाणीच तोडलं.

दाटपणाचं महत्त्व मोठ्या शास्त्रज्ञांनाही नंतर जास्त कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली जलसंजीवनीच्या पुडीतलं मीठ आणि साखर दोन्ही कमी केली. थोडं पातळ द्रावण पेशींना सोपं जातं, जुलाब आणि उलट्या कमी होतात, असं दिसून आलं होतं. आजच्या पुडीत लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय जुलाबातून निघून जाणारं पोटॅशियम आणि सायट्रेट.

तेव्हा करायचं ते असं. आशाताईकडे किंवा सरकारी दवाखान्यात पुडी मिळते. तिच्यावर किती पाण्यात घालायची ते लिहिलेलं असतं. लिटरची पुडी असेल तर मोजून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घालायची, अर्धी ठेवायची नाही. केलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून. चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून टाका आणि नव्याने करा.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्याने हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही, जेवणही चालू ठेवायचं. झिंकच्या गोळ्या दवाखान्यातून घेऊन पूर्ण 14 दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. आणि बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, पिईना, शौचात रक्त दिसलं किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर घरी थांबायचं नाही. वाटेतही पाजत दवाखाना गाठायचा.

दुकानात घेताना एक सांभाळा. बरीच गोड पेयं नावात ओआरएस लावून विकली जात होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकीट उलटून वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलं असेल तरच ते औषध समजा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आमची उपनगरं बुडाली. पाणी ओसरल्यावर तापाच्या आणि जुलाबाच्या साथी आल्या. पिण्याचं पाणी नासलं की पटकीचं राज्य परत येतं, शहर असो की खेडं. त्या वेळी कामाला येते ती घरातल्या बाईच्या हातातली मापाची समज.

त्या बैठकीच्या पुढच्या महिन्यात आम्ही चौघींना परत करून दाखवायला लावलं. या वेळी सगळ्यांनी बोट फिरवून चमचा सपाट केला. चौथी ताई म्हणाली, ‘सासूबाईंना हे आता मी सांगते.’ तुमच्याही गटाच्या पुढच्या बैठकीत एक लिटरची बाटली, एक चहाचा चमचा, मीठ आणि साखर घेऊन बसा. प्रत्येकीच्या हातून एकदा करून घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारा.